बोलता न येणाऱ्या पेशंटसाठी मेंदूला जोडलेला कॉम्प्युटर: लोक सारखे विचारतात ते प्रश्न

माझ्या बाबांना एमएनडी (मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात तो आजार) होता, शेवटची दोन वर्षं ते तोंडाने एक शब्दही बोलले नाहीत पण आमच्याशी भांडले मात्र भरपूर, ते कसं ते खाली येईलच. तेव्हापासून ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून फोन आणि मेसेज येत असतात आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

१. ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांगा, मी कॉमर्सवाला आहे

आपण "पाणी" म्हणतो तेव्हा मेंदू ओठ, जीभ, जबडा, घसा या सगळ्यांना बारीक बारीक विजेच्या सिग्नलने ऑर्डर सोडतो. काही आजारांत मेंदू ऑर्डर सोडतोय पण मधली वायरच तुटलीये असं होतं. मग ती ऑर्डर वायर तुटलीये त्याच्या अलीकडेच, म्हंजे मेंदूपाशीच पकडायची आणि कॉम्प्युटरला द्यायची, तो त्यावरून ओळखतो की या माणसाला काय म्हणायचं होतं आणि ते स्क्रीनवर लिहितो किंवा स्पीकरवर बोलून दाखवतो. यालाच शॉर्टमध्ये बीसीआय म्हणतात. शब्द १९७३ पासूनचा आहे, जाक विदाल नावाच्या शास्त्रज्ञाने वापरला, त्यामुळे हे काही एलॉन मस्कने शोधलेलं नाही.

२. माझ्या सासऱ्यांना लकवा मारलाय आणि वाचा गेलीये. त्यांना याचा उपयोग होईल का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि बऱ्याचदा उत्तर "बहुतेक नाही" असं असतं, सॉरी. वाचा जाणं दोन प्रकारचं असतं. एकात भाषा शाबूत असते, फक्त तोंडाचे स्नायू ऐकत नाहीत. एमएनडी, किंवा मेंदूच्या देठात म्हणजे ब्रेनस्टेममध्ये झालेला स्ट्रोक, यांत असं होतं. दुसऱ्यात स्ट्रोक मेंदूच्या डाव्या बाजूला होऊन भाषाच विस्कटते, शब्द सापडत नाहीत, बोललेलं नीट कळत नाही, याला अफेजिया म्हणतात आणि उजवा हातपाय लुळा पडून वाचा गेली असेल तर हीच शक्यता जास्त असते. आजचे बोलण्याचे बीसीआय पहिल्या प्रकारासाठी आहेत. अफेजियात मूळ वाक्यच नीट तयार होत नाही तर मशीन पकडणार काय? तिथे स्पीच थेरपी, तीही लवकर सुरू केलेली. दोन्हीतला कुठला प्रकार हे न्यूरोलॉजिस्टला स्पष्ट विचारा, "वाचा गेली" एवढ्यावर घरी येऊ नका.

३. ते काहीच रिस्पॉन्स देत नाहीत, डॉक्टर म्हणतात समज नाही. पण आईला वाटतं त्यांना सगळं कळतं. कोणाचं खरं?

आईचं ऐकून एकदा नीट तपासा. ब्रेनस्टेमच्या स्ट्रोकमध्ये लॉक्ड-इन सिंड्रोम होतो, त्यात माणूस पूर्ण जागा असतो, पण हलतं काय तर फक्त पापण्या आणि डोळे, आणि डोळे पण बहुतेक वेळा फक्त वर-खाली. डावी-उजवीकडे जातच नाहीत. आता राऊंडला आलेला माणूस म्हणतो "माझ्या बोटाकडे बघा", बोट डावीकडून उजवीकडे नेतो आणि लिहून टाकतो, रिस्पॉन्स नाही! म्हणून पहिलं वाक्य हे म्हणा: "ऐकू येत असेल तर वर छताकडे बघा." आणि थांबा. दहा सेकंद तरी थांबा, आपल्याला ते फार वाटतात.

डोळेही न हलणाऱ्यांमध्ये सुद्धा आत कोणीतरी जागं असू शकतं. २००६ मध्ये एड्रियन ओवेन या मेंदूशास्त्रज्ञाच्या टीमने वेजिटेटिव्ह (डोळे उघडे पण समज नाही) समजल्या गेलेल्या एका बाईला स्कॅनरमध्ये "टेनिस खेळताय अशी कल्पना करा" सांगितलं, तर निरोगी माणसाचा उजळतो तोच मेंदूचा भाग तिचाही उजळला. २०१० मध्ये अशाच पद्धतीने एका पेशंटने हो-नाहीची उत्तरं दिली, टेनिस म्हणजे हो आणि घरात फिरण्याची कल्पना म्हणजे नाही. २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात खाटेपाशी काहीच सूचना न पाळणारे २४१ पेशंट होते, त्यातल्या ६० जणांचा मेंदू स्कॅन किंवा ईईजीवर (डोक्याला बाहेरून लावून मेंदूची वीज मोजायची टेस्ट) सूचना पाळताना दिसला. चारात एक. आता याचा अर्थ तुमचा पेशंट त्या एकातलाच आहे असा होत नाही, पण त्यांच्या खाटेशेजारी उभं राहून प्रॉपर्टीच्या गप्पा मारू नका एवढं तरी नक्की.

४. मशीन मनातले विचार वाचतं का? बाबांचं सगळं खाजगी बाहेर येईल?

नाही. बोलण्याचे सगळे चांगले चालणारे बीसीआय *बोलायचा प्रयत्न* वाचतात. पेशंटला खरंच जोर लावून शब्द उच्चारायचा असतो, आवाज येत नसला तरी. इलेक्ट्रोड (विजेचे सिग्नल टिपणारे बारीक तुकडे) बसवतात ते मेंदूच्या जीभ-ओठ हलवणाऱ्या पट्ट्यावर, आठवणी किंवा गुपितं जिथे असतील तिथे नाही.

हां, यात एक अडचण ऑगस्ट २०२५ मध्ये निघाली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टीमने दाखवलं की मनातल्या मनात, काही न हलवता म्हटलेलं वाक्य सुद्धा त्याच पट्ट्यावर पुसट उमटतं आणि ते पकडता येतं, अचूकता जास्तीत जास्त ७४ टक्के. पेशंटचे कष्ट वाचतात म्हणून ही चांगली बातमी, आणि नको ते बाहेर पडेल म्हणून भीतीची. त्यांनी त्यावर तोडगाही केला, मनात एक ठरलेला पासवर्ड म्हटल्याशिवाय मशीन ऐकायला सुरुवातच करत नाही.

काही जण हे पोलिसांच्या "ब्रेन मॅपिंग"शी (आरोपीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून करायची चौकशी) जोडतात, कारण आपल्याकडे बातम्यांत तो शब्द फार आला. ती वेगळी गोष्ट, आणि आरोपीच्या संमतीशिवाय ती करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने मे २०१० मध्येच सांगितलंय.

५. कवटी उघडावी लागते का?

प्रकारावर आहे. डोक्यावर टोपीसारखी घालायची ती ईईजी, काही कापाकापी नाही, पण कवटीबाहेरून ऐकणं म्हणजे बंद हॉलच्या बाहेर उभं राहून आतलं गाणं ओळखणं, ठेका कळतो, शब्द नाही. दुसरा प्रकार, कवटीखाली मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची पातळ शीट पसरायची. तिसरा, मेंदूत दीड-दोन मिलिमीटर शिरणाऱ्या बारीक सुयांची चकती, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. या दोन्हींना ऑपरेशन लागतं. चौथा मला स्वतःला जास्त इंटरेस्टिंग वाटतो: सिंक्रॉन कंपनीचा स्टेंटसारखा इलेक्ट्रोड, मानेच्या शिरेतून वर सरकवत मेंदूवरच्या मोठ्या शिरेत नेऊन ठेवतात, अँजिओप्लास्टी माहीत असेल तर साधारण तसं. पहिले पेशंट २०१९ मध्ये मेलबर्नला झाले. कवटी उघडावी लागत नाही, पण इलेक्ट्रोड फक्त १६, त्यामुळे त्यातून माऊसची क्लिक वगैरे जमते, सलग बोलणं नाही.

६. किती स्पीडने बोलता येतं?

१९८८ मध्ये फारवेल आणि डोंचिन यांनी ६ बाय ६ च्या चौकटीत अक्षरं लुकलुकवून पाहिली, हवं ते अक्षर चमकलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदू एक लाट सोडतो, ती ईईजीवर पकडायची. मिनिटाला दोन-सव्वादोन अक्षरं. बरीच वर्षं गाडी त्याच गिअरमध्ये होती. मग २०२१ मध्ये दोन उड्या: स्टॅनफर्डला एका माणसाने लुळ्या हाताने लिहायचा मनातून नुसता प्रयत्न करून मिनिटाला ९० अक्षरं टाइप केली, आणि सॅन फ्रान्सिस्कोला एडवर्ड चँग यांच्या टीमने पंधराएक वर्षं न बोललेल्या माणसाच्या मेंदूतून थेट शब्द काढले, मिनिटाला १५, पण शब्दसंग्रह ५० चा. ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच दिवशी दोन पेपर आले, मिनिटाला ६२ आणि ७८ शब्द. फक्त त्यात चारातला एखादा शब्द चुकत होता, आणि ही गोष्ट बातमीच्या हेडलाइनमध्ये नसते.

अचूकतेचं काम २०२४ मध्ये झालं. कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस विद्यापीठात एएलएस (एमएनडीचाच प्रकार) झालेल्या ४५ वर्षांच्या माणसाला २५६ इलेक्ट्रोड बसवले आणि सव्वा लाख शब्दांच्या शब्दसंग्रहावर ९७ टक्के शब्द बरोबर यायला लागले, स्पीड ३०-३२ शब्द. आपण साधारण १५० च्या आसपास बोलतो. मला विचाराल तर ७८ पेक्षा हे ३२ जास्त महत्त्वाचे, कारण चुकीचं वाक्य फास्ट येऊन काय करायचंय.

७. शिकायला किती दिवस लागतात?

वरच्या पेशंटच्या बाबतीत पहिल्याच दिवशी अर्ध्या तासाच्या ट्रेनिंगवर ५० शब्द जवळजवळ बिनचूक आले होते. पण प्रत्येकाचं असं होत नाही. आणि सुयांवरचे सिग्नल दिवसागणिक थोडे सरकतात म्हणून डिकोडरला (सिग्नलचे शब्द करणारं सॉफ्टवेअर) अधूनमधून जुळवून घ्यावं लागतं. टोपीवाल्या ईईजीत तर रोज जेल लावा, रोज धुवा.

८. मराठीत चालेल का?

आज मराठीत चालणारा बोलण्याचा बीसीआय नाही. पण "होऊ शकेल का" याचं उत्तर हो आहे आणि का ते थोडं सविस्तर सांगतो कारण इथे आपल्याला जरा फायदा आहे.

हे डिकोडर थेट शब्द ओळखत नाहीत, आधी उच्चार ओळखतात, इंग्लिशसाठी ३९ उच्चार धरतात, आणि मग भाषेचं मॉडेल त्या उच्चारांतून शक्य वाटणारं वाक्य जुळवतं. पहिला भाग तोंडाच्या हालचालींचा आहे आणि तोंड सगळ्यांना सारखंच. २०२४ मध्ये चँग यांच्याच टीमने स्पॅनिश मातृभाषेच्या माणसात दाखवलं की स्पॅनिश आणि इंग्लिश दोन्ही भाषांसाठी मेंदूतले सिग्नल बरेचसे सामाईक आहेत, एका भाषेवर केलेलं ट्रेनिंग दुसरीला उपयोगी पडलं. मराठीसाठी उच्चारांची यादी मोठी होईल, ट-ठ-ड-ढ-ण, ळ, सगळी ख-घ-छ-झ मंडळी, आणि चहातला च वेगळा, चमच्यातला च वेगळा. दुसरा भाग, म्हणजे भाषेचं मॉडेल, तिथे खरं काम आहे कारण आपल्याकडे घर, घरी, घरात, घरातल्यांना, घरच्यांनासुद्धा असं एका शब्दाचं गाव होतं, आणि घरी बोलतो ते पुस्तकात सापडत नाही.

फायदा कुठे? आपली वर्णमाला आधीच चौकटीत बसवलेली आहे! क च ट त प अशा ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं. आधी ओळ निवडायची मग अक्षर, ही पद्धत लुकलुकणाऱ्या चौकटीला, डोळ्यांच्या कॉम्प्युटरला आणि कागदाच्या बोर्डलाही चालते. इंग्लिशवाल्यांना एबीसीडी तोडून हे मुद्दाम बनवावं लागतं.

९. स्टीफन हॉकिंग हेच वापरायचे ना?

नाही. ते गालाचा एक स्नायू हलवायचे आणि चष्म्यावरचा सेन्सर ती हालचाल पकडायचा. मेंदूत काही बसवलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी इंटेलने बनवलेलं सॉफ्टवेअर नंतर फुकट खुलं केलं गेलं. मुद्दा असा की एक जरी स्नायू ऐकत असेल तरी बीसीआयशिवाय खूप काही होतं.

१०. भारतात कुठे मिळेल आणि खर्च किती? आम्ही जमीन विकायला तयार आहोत

जमीन विकू नका, प्लीज. मेंदूत बसवून बोलायचं मशीन दुकानात मिळत नाही, अमेरिकेत पण नाही. वर जे पेशंट सांगितले ते सगळे संशोधनाच्या ट्रायलमधले आहेत, तिथे सेंटरच्या जवळ राहावं लागतं आणि टीम घरी ये-जा करते, त्यामुळे इथून व्हिसा काढून जाऊ असं सहसा जमत नाही. आपल्याकडची कुठलीही ट्रायल आयसीएमआरच्या सीटीआरआय या रजिस्टरवर असली पाहिजे, ते ऑनलाइन कोणालाही बघता येतं. कोणी म्हणालं की "आमच्याकडे ब्रेन चिप आहे, अॅडव्हान्स भरा" तर आधी नोंदणी नंबर मागा. आमच्याकडून एकाने "मेंदू ॲक्टिव्हेट" करायचे चाळीस हजार घेतले होते, कॉइल लावून वीस मिनिटं बसवायचा. बाबांनी बोर्डवर दोनच अक्षरं दाखवली: च, र. चोर.

११. ऑनलाइन पंधरा-वीस हजारांचा ईईजी हेडबँड दिसतोय, तो घेऊ?

नको. दोन-चार इलेक्ट्रोड कपाळावर, आणि कपाळाचे आणि पापणीचे स्नायू मेंदूपेक्षा कितीतरी मोठा सिग्नल देतात, म्हणजे तुम्ही पापणीच मोजणार. पापणी मोजायला फोनचा कॅमेरा पुरतो.

१२. मग आत्ता घरी काय करायचं?

आधी पक्कं हो-नाही मिळवा. "एकदा मिटलं तर हो, दोनदा तर नाही" हे सगळे करतात आणि फसतात, कारण पापणी आपोआपही मिटते. त्यापेक्षा वर बघितलं तर हो, खाली बघितलं तर नाही. मग उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारा, मुद्दाम खोटे पण घाला ("तुम्ही कोल्हापूरचे?" नसले तरी), दहापैकी नऊ बरोबर आले की त्यावर विश्वास ठेवायचा. सकाळी करा, सक्शन किंवा फिजिओनंतर लगेच नको, दमलेले असतात.

मग बोर्ड. तुम्ही म्हणायचं "क? च? ट? त?" ते वर बघतील तिथे थांबायचं, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. मात्रा सुरुवातीला सोडून द्या, अंदाजाने कळतात. नेहमी नाही कळत. बाबांनी ख, ज दाखवलं आणि आईने खजूर भिजत घातला, त्यांना पाठीला खाज सुटली होती आणि पाऊण तास कोणी खाजवलं नाही. तेव्हापासून वेगळं कार्ड केलं, माणसाचं चित्र आणि अवयवांना नंबर, आणि वर तीन शब्द: खाज, दुखतंय, कूस बदला. दिवसातली निम्मी कामं त्यावर होतात.

एमएनडीत डोळे बहुतेक वेळा खूप उशिरापर्यंत चांगले हलतात, त्यामुळे परवडत असेल तर डोळ्यांनी चालणारा कॉम्प्युटर बघा, बाहेरून येणारे खास सेट लाखांत जातात, आधी ट्रायल मागा. चित्रांवर बोट ठेवता येत असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसीचं जेलो नावाचं फुकट ॲप आहे, मूळ लहान मुलांसाठी.

१३. आवाज त्यांचा स्वतःचा येईल का, की रोबोटसारखा?

यूसी डेव्हिसच्या पेशंटचा आजाराआधीचा आवाज जुन्या रेकॉर्डिंगवरून बनवला होता, मशीन त्याच्याच आवाजात बोलायचं. २०२५ मध्ये त्याच सेंटरच्या मैत्रेयी वैरागकर आणि टीमने पुढची पायरी दाखवली, मजकूर बनवायची वाट न बघता सिग्नलवरून सरळ आवाज, जवळजवळ त्याच क्षणी. त्यात प्रश्नाचा सूर लावता आला, साधी सुरावटही. ऐकणाऱ्यांना मात्र साधारण ६० टक्केच शब्द कळले.

तुम्ही आज काय करू शकता: एमएनडीचं निदान झालं त्याच आठवड्यात आवाज रेकॉर्ड करायला बसा. पेपर वाचायला लावा, नातवंडांना मारतात त्या हाका, शिव्या सुद्धा. जुन्या व्हॉट्सॲप व्हॉइस नोट डिलीट करू नका. आम्ही फोन बदलताना घालवल्या.

१४. आता डोळेही हलेनासे झालेत. काहीच मार्ग नाही?

हा सगळ्यात अवघड भाग आणि इथे दावे फार सांभाळून घ्या. २०१७ मध्ये एक पेपर आला होता की अशा पेशंटकडून टोपीने हो-नाही मिळतं, खूप गाजला, २०१९ मध्ये तो मागे घेतला गेला. २०२२ मध्ये जवळपास त्याच गटाने जर्मनीतल्या एका एएलएस पेशंटबद्दल लिहिलं, मेंदूत सुयांच्या दोन चकत्या बसवल्या होत्या आणि तो सुराची पट्टी वर-खाली नेऊन हो-नाही सांगायचा, त्यातून अक्षरं. मिनिटाला साधारण एक अक्षर, आणि बऱ्याच दिवशी काहीच अर्थ लागायचा नाही. पण लागला तेव्हा त्याने बटाट्याची करी मागितली, आणि मुलाबद्दल कौतुकाने बोलला. म्हणून डोळे हलतायत तोवरच हो-नाही आणि महत्त्वाच्या इच्छा पक्क्या करून घ्या.

१५. एकदा बसवलं की कायम चालतं?

नाही. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला २०१५ मध्ये एएलएस झालेल्या एका बाईंना बसवलं, घरी स्वतः वापरता येणारं पहिलं म्हणता येईल असं. मिनिटाला दोनच अक्षरं, पण बाहेर उन्हात जिथे डोळ्यांचा कॉम्प्युटर चालत नाही तिथे हेच चालायचं. सात वर्षं वापरलं, मग आजाराने मेंदूच आक्रसला तसा सिग्नल कमी होत गेला. शिवाय ऑपरेशन म्हटलं की इन्फेक्शन, रक्तस्राव हे आलंच, आणि ट्रायल संपल्यावर मशीन कोण सांभाळणार हे सही करायच्या आधी विचारायचं असतं.

१६. एक ताई येतात, त्या पेशंटचा हात धरून कीबोर्डवर टाइप करून घेतात, सुंदर सुंदर वाक्यं येतात. हे खरं का?

एक साधी टेस्ट करा. ताईंना बाहेर पाठवा, पेशंटला एक वस्तू दाखवा, मग ताईंना आत बोलवून "काय दाखवलं?" विचारा. बेल्जियममध्ये २००९ मध्ये असाच २३ वर्षांनी "बोलू लागलेला" माणूस जगभर गाजला होता, अशी टेस्ट घेतल्यावर शब्द हात धरणाऱ्या बाईंचे निघाले. बहुतेकांना स्वतःलाही कळत नाही की आपणच ढकलतोय, त्यामुळे ताईंवर ओरडू नका. बोर्ड वापरताना आपलंही हेच होतं बरं का, अर्धा शब्द आला की आपण पूर्ण करून टाकतो आणि ते दमून हो म्हणतात.

१७. मृत्युपत्र, बँक वगैरे खुणांनी चालतं का?

बोलता न येणं म्हणजे कायद्याने अपात्र होणं नाही. वारसा कायद्यात स्पष्ट आहे की मूक-बधिर किंवा अंध माणूस, आपण काय करतोय हे त्याला समजत असेल तर, मृत्युपत्र करू शकतो. साक्ष सुद्धा लिहून किंवा खुणांनी देता येते. व्यवहारात मात्र वकील, डॉक्टरचा समज असल्याचा दाखला आणि घरातले नसलेले साक्षीदार ठेवा, व्हिडिओ काढा, आणि व्हिडिओत खोटे प्रश्न पण विचारा (प्रश्न १२ सारखे), नाहीतर भावकी म्हणणारच की डोळे तुम्हीच वाचले.

१८. त्यांनी बोर्डवर "नको" "पुरे" असं सांगितलं. काय समजायचं?

आधी विचारा "काय नको?" आमच्याकडे एकदा ते टीव्हीवरच्या सिरियलबद्दल होतं. पण खरंच जगण्याबद्दल असेल तर एकदा विचारून निकाल लावू नका, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसाने विचारा, दुखणं आणि झोप आधी बघा, पॅलिएटिव्ह डॉक्टरला (बरं न होणाऱ्या आजारात दुखणं-त्रास कमी करणारा) बोलवा. आणि बाहेरून बघून "यापेक्षा सुटले तर बरं" असं आपणच ठरवू नका: २०११ मध्ये लॉक्ड-इन लोकांनाच विचारलेल्या एका पाहणीत ४७ जणांनी आम्ही आनंदी आहोत सांगितलं आणि १८ जणांनी नाही.

१९. तुमच्या बोर्डची फाइल पाठवता का?

फाइल कसली, लग्नपत्रिकेच्या बॉक्सचा पुठ्ठा आणि मार्कर. स्वर एका ओळीत, मग क च ट त प, मग य र ल व आणि श स ह. खाली: हो, नाही, परत सांग, चुकलं, थांब. "चुकलं" मोठं लिहा, ते सगळ्यात जास्त लागतं. आणि ळ विसरू नका. आम्ही विसरलो होतो, बाबा ड, ल, ड, ल करत राहिले, आई म्हणाली हे डाल कधीपासून म्हणायला लागले, आणि त्यांच्या डोळ्यात पापणीचा केस गेला होता.